माळा रिकामा करायचाय : उतरवलेलं सामान जाणार कुठे?

कोकमसरबत

नमस्कार मंडळी. दिवाळी अजून दोन महिने लांब आहे, म्हणून धागा आत्ताच काढतोय. दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, तीन माळे, प्रत्येक साधारण दोन फूट खोल. वर काय आहे याची ढोबळ यादी: पितळेची-तांब्याची भांडी, एक बंब, साड्यांची ट्रंक, कागदपत्रांच्या तीन सुटकेस, दिवाळी अंक, व्हिडिओ कॅसेट, देवांच्या तसबिरी, कापसाच्या गाद्या आणि रिकामी खोकी. खोकी भरपूर.

आवराआवरीवरचे सल्ले वाचले तर सगळीकडे तेच: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग करा. ढीग एका दुपारी होतात हो. 'द्यायचं'चा ढीग मग सोफ्यामागे महिनाभर पडतो आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मुकाट्याने परत वर चढतो. म्हणून माझं म्हणणं असं की कुठली वस्तू घराबाहेर कुठल्या वाटेने जाणार, हे ती खाली उतरवायच्या आधीच ठरलेलं हवं. त्या वाटा सांगा. प्रेरणादायी विचार नकोत.

खडूस_काकू

वाट एकच. धाकट्या दिराचं घर.

तिसरा_मजला

काकू :)

वाटेच्या आधी उतरवण्याबद्दल. फ्लॅटमधला माळा जमिनीपासून सुमारे सात फुटांवर असतो, म्हणजे स्टुलावर स्टूल ठेवून भागत नाही. ए-आकाराची घडीची शिडी घ्या, किमान पाच पायऱ्यांची. वर एक, खाली एक, अशी दोनच माणसं. वरच्याने आठ-दहा किलोपेक्षा जड काही एकदम खाली द्यायचं नाही. ट्रंक जड असेल तर वरच उघडून आतलं सामान थोडंथोडं उतरवायचं आणि शेवटी रिकामी ट्रंक. बंब सगळ्यात शेवटी. त्याच्या आत राख आणि गंज असतो, आडवा केला की सगळा डोक्यावर येतो.

पारव्यांची किंवा उंदरांची घाण दिसली तर कोरडा झाडू अजिबात मारू नका. धुरळा श्वासात जातो, आणि पारव्यांच्या विष्ठेने फुफ्फुसाचे चिवट आजार होतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी फवारून दहा मिनिटं थांबायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

एका वेळी एकच माळा. तिन्ही एकदम उतरवले तर रात्री झोपायला जागा उरत नाही.

नऊवारी

वेळेबद्दल मात्र कोकमसरबत यांच्याशी असहमत. भाद्रपदात कपडे आणि गाद्या काढू नका. हवा दमट आहे तोवर साड्या उघडल्या आणि परत बंद केल्या की आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आत्ता कागद, भांडी, काच, इलेक्ट्रॉनिक वस्तू काढा. कपडे, गाद्या, पुस्तकं ऑक्टोबरच्या उन्हात.

कोकमसरबत

मान्य. म्हणजे आत्ता भांडी आणि कागद.

पितळी_डबा

भांडी म्हणजे माझा प्रांत. आधी लोहचुंबक घ्या. चिकटलं तर वरून फक्त मुलामा आहे, आत लोखंड. न चिकटलेल्या भांड्यांचे चार ढीग करा: तांबं, पितळ, कासं, जर्मन सिल्व्हर. कासं ओळखायची सोपी खूण म्हणजे टिचकी मारली की आवाज लांबतो. पितळ लगेच गप्प होतं. कासं पडलं तर पोचा येत नाही, तडा जातो. म्हणून वाट्या एकात एक खुपसून ठेवू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, तांबं-निकेल-जस्त असतं.

चारही धातूंचा मोडीचा भाव वेगळा. सगळं एका पोत्यात नेलं की दुकानदार स्वस्तातला भाव सगळ्याला लावतो. घरून निघण्याआधी प्रत्येक ढिगाचं वजन प्रवासी बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर करून लिहून ठेवा. लोखंडी कड्या, लाकडी मुठी, झाकणाचे स्क्रू आधीच काढा, नाहीतर त्यांच्या नावाखाली 'घट' धरतात आणि ती नेहमी कड्यांच्या वजनापेक्षा जास्त असते. बंबाची तळाची लोखंडी जाळी आणि नळीतली राखही काढून टाका. मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा, पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी. दोन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पोतं उघडू नका.

आणि एक: हाताने ठोकलेलं भांडं (बाहेरून मठारकामाच्या खुणा दिसतात) मोडीत घालू नका. घंगाळ, हंडा, मोठी परात, बंब यांना सजावटीसाठी घेणारे मोडीपेक्षा बरा भाव देतात. त्यांना काळवंडलेलंच आवडतं, त्यामुळे विकायच्या आधी चिंचेने घासून लख्ख करायची हौस आवरा.

रद्दीत_रमलेला

बंब घेणारे त्यात मनीप्लांट लावतात आणि वर फोटो टाकतात. बंबाच्या नशिबी काय काय.

पितळी_डबा

मोडीत जाण्यापेक्षा मनीप्लांट परवडला.

ठेवायची भांडी किती, हाही प्रश्न येईल. रोजच्या वापरात पितळी पातेलं आणायचं तर कल्हई लागते, आणि कल्हईवाला तुमच्या भागात येत नसेल तर ते पातेलं परत माळ्यावरच जाणार. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या पितळेत नको. पाण्याचा तांब्या, ताम्हण-पळी, पोह्यांचा डबा यांना कल्हई लागत नाही. या हिशोबाने निवडा. पन्नास माणसांच्या स्वयंपाकाची पातेली ठेवण्यात अर्थ नाही, ती भाड्याने मिळतात.

सॅन_होजेकर

वाचतेय. आम्हाला भारतात येऊन दोन आठवड्यांत हे सगळं उरकायचं असतं. आधी काय घ्यावं? आणि घरातली जुनी पितळी मूर्ती बरोबर नेता येते का?

ऑडिट_अण्णा

ताई, आधी कागद. भांडी कुणीही विकू शकतं. कागदावर सही तुमचीच लागते.

मूर्तीबद्दल: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तितकी जुनी नसली पण दिसायला जुनी असेल, तर विमानतळावर अडवली जाऊ शकते. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो, आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीत शेवटच्या चार दिवसांत तो निघेल अशी आशा धरू नका.

आता सुटकेसी. एकेक कागद वाचत बसलात तर पहिल्या सुटकेसमध्येच सुट्टी संपेल. आधी फक्त जाडीवरून आणि शिक्क्यांवरून चाळा. हे कधीही टाकायचे नाहीत: घराचा मूळ करारनामा, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयाचा उतारा), मुद्रांक शुल्काच्या पावत्या, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, गृहकर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, मृत्युपत्र, वारस दाखला, सातबारा-फेरफाराच्या जुन्या नकला, जन्म-मृत्यूचे दाखले. घराच्या मोठ्या दुरुस्तीच्या पावत्याही ठेवा. घर विकताना भांडवली नफा काढतात तेव्हा तो खर्च वजा मागता येतो.

आयकराची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे आठ वर्षांचे ठेवले की पुरे. विजेची, फोनची बिलं एका वर्षापलीकडे नकोत. बँकेची जुनी पासबुकं मात्र एकदा उघडून बघा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी ते बुडत नाहीत. २०२३ साली सुरू झालेल्या 'उद्गम' पोर्टलवर नावाने शोधता येतात, दावा मात्र त्या बँकेतच करायचा.

शेअरची कागदी प्रमाणपत्रं सापडली तर फ्रेम करून लावू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट (इलेक्ट्रॉनिक) करावे लागतात. वारसाहक्काने नावावर करून घेणं अजून चालतं. कंपनीचं नाव बदललेलं किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असू शकते, म्हणून ओळखीचं नाव नाही एवढ्यावरून प्रमाणपत्र रद्दीत टाकू नका. लाभांश सलग सात वर्षं उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेलेले असतात. तिथून परत मागता येतात, अर्ज किचकट आहे.

विदर्भवीर

अण्णा, एक राहिलं. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. जात पडताळणीला हेच लागतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा कागद घरात असेल तर नातवंडांची तालुक्याची पायपीट वाचते. मोडी लिपीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत देणारे महाभाग आहेत. मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

ऑडिट_अण्णा

शंभर टक्के. आणि असे कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई पसरते, मागचा शिक्का तपासता येत नाही, आणि ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सपाट फाइलमध्ये, टाचण्या-स्टेपल काढून ठेवा. टाचणी गंजते आणि नेमकी सही खाते. गुळगुळीत कागदावरची एटीएमची किंवा दुकानाची पावती हवी असेल तर आजच तिचा फोटो काढा, ती शाई उन्हाने आणि उष्णतेने उडते.

पॅनच्या, आधारच्या, सह्यांच्या झेरॉक्स रद्दीत तशाच देऊ नका. बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी लगदा करून ओल्या कचऱ्यात.

खडूस_काकू

लग्नपत्रिकांचं काय? आमच्याकडे १९८८ पासूनचा साठा आहे. त्यातली काही लग्नं टिकलीसुद्धा नाहीत.

रद्दीत_रमलेला

काकू, चकाकीचा, मखमल चिकटवलेला पत्रिकेचा कागद रद्दीवाला घेत नाही. पाकिटं उलटी करून किराण्याच्या याद्यांना वापरा. गणपतीचं चित्र कापून काढल्याशिवाय घरचे टाकू देत नाहीत, तो वेळ हिशोबात धरा.

दिवाळी अंक आणि पुस्तकं: ग्रंथालयाला फोन करून 'कुठली हवी आहेत' असं विचारा, 'घेता का' असं नको. शीर्षकांची यादी पाठवली तर उत्तर येतं. पोती दारात नेऊन टाकली तर तेही पुढे रद्दीलाच देतात. पानांना भोकं आणि बारीक पांढरट धूळ असेल तर कसर लागलेली आहे. असं पुस्तक बाकीच्यांच्या शेजारी ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचं आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरची वाफ पानांवर पाणी होऊन बसते.

दोनच_ओळी

एक वर्ष वापरलं नाही ते टाका, हा नियम लावा. प्रश्न मिटला.

नऊवारी

हा नियम ज्यांच्या घरी गणपती येत नाही त्यांचा. मखर, समया, आकाशकंदील, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, फराळाचे मोठे डबे ही सगळी वर्षात पाच-सात दिवस वापरायची. उलट नियम लावा: वस्तूच्या वापराची तारीख पंचांगात सापडते का? सापडली तर राहील, आणि त्या सणाच्या नावाने एका खोक्यात जाईल. नाही सापडली तर प्रश्न विचारा.

दोनच_ओळी

व्यायामाच्या सायकलची तारीख पंचांगात नाही. धन्यवाद.

नऊवारी

:) थर्माकोलचं जुनं मखर असेल तर या खोक्यात नको. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

साड्यांचं इथेच लिहिते, काढा मात्र ऑक्टोबरात. रेशमी आणि जरीच्या साड्या प्लॅस्टिकमधून आधी बाहेर काढा. जरतार काळी पडते ती कोंडलेल्या ओलीने आणि डांबरगोळ्यांच्या वाफेने. सावलीत वाऱ्यावर दोन तास, ऊन थेट नको. घडी जुन्या रेषेवर परत घालू नका. त्याच रेषेवर वर्षानुवर्षं राहिली की रेशीम तिथे चिरतं. तीन-चार महिन्यांनी घडी बदला. गुंडाळायला धुतलेलं मऊ मलमल किंवा जुनं धोतर, खळ काढलेलं. खळीच्या कपड्याला कसर पहिली लागते. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि तेलकट डाग पडतो. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्यांचे कपडे त्याच्या अंगावर घालूच नका. काही बाळांत जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि त्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ होते.

विरलेली पैठणी किंवा शालू बोहारणीला देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असते. जरीची खरेदी करणारे वेगळे असतात, ते तुकडा वितळवून पारख करतात. ती पारख तुमच्यासमोर व्हायला हवी. काठ-पदर धड असतील तर कापून दुसऱ्या कापडावर लावून घेता येतात. बोहारणीला द्यायचे ते सुती-सिंथेटिक, धड, धुतलेले कपडे. फाटकं ती घेत नाही, आणि सगळा गठ्ठा आधी दाखवला तर डबा लहान मिळतो.

खडूस_काकू

हे शेवटचं वाक्य शाळेत शिकवायला हवं.

टेक्निकल_तात्या

व्हिडिओ कॅसेट. खिडकीतून रिळाकडे बघा. कडेला पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट 'चालते का बघू' म्हणून लावू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला. डिजिटल करून देणाऱ्याला बुरशीच्या कॅसेट वेगळ्या पिशवीत, सांगून द्या. स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षांनुवर्षांची चिकटलेली टेप सैल होते.

फोटोंचे चिकट पानांचे अल्बम सगळ्यात वाईट. गोंद पिवळा पडून फोटो खातो. पान वाकवून ओढू नका, दात साफ करायचा बिनवासाचा फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा सरकवा. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरे, निगेटिव्हला २४०० तरी हवं. निगेटिव्ह टाकू नका, फोटोपेक्षा त्यात जास्त तपशील असतो.

जुने रेडिओ, रिमोट यांतले सेल आधी काढा. फुटले असतील तर हातमोजे. ट्यूबलाइट, सीएफएल आणि पाऱ्याचा थर्मामीटर फोडू नका, तिन्हीत पारा असतो. हे आणि मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात, वेगळी बांधून. मोबाइल-संगणक अधिकृत ई-कचरा संकलकाकडे. भंगारवाला वायर जाळून तांबं काढतो, तो धूर शेवटी आपल्याच नाकात येतो.

सॅन_होजेकर

अवांतर: साडीच्या घडीत जुन्या नोटा सापडल्या तर?

ऑडिट_अण्णा

पाचशे-हजारच्या, नोव्हेंबर २०१६ मधल्या बंद झालेल्या, बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त बाळगणं हा गुन्हा, नाण्या-नोटांचा अभ्यास किंवा संग्रह करणाऱ्यांना पंचवीस. दोन हजाराची नोट मात्र मे २०२३ मध्ये फक्त चलनातून काढून घेतली, ती वैध आहे. साध्या बँकेत आता घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत जमा होते, आपल्याकडे मुंबई, बेलापूर, नागपूर. पोस्टानेही पाठवता येते.

खडूस_काकू

आता धागा नोटांवर गेला. तसबिरींचं कोण सांगणार?

विदर्भवीर

काकू, तसबीर म्हणजे चार वस्तू: काच, लाकडी चौकट, मागचा पुठ्ठा किंवा प्लाय, आणि चित्र. नमस्कार करून मागचे बारीक खिळे पक्कडीने काढा. चित्र कागदाचं असेल तर बादलीत दोन दिवस भिजवून लगदा कुंडीच्या मातीत मिसळा. प्लॅस्टिकचा थर असेल तर विरघळत नाही, तो सोलून घ्या. काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून वर 'काच' असं लिहून द्या, सफाई कामगाराचा हात कापतो. पिंपळाखाली किंवा नदीत सोडणं म्हणजे आपला कचरा देवाच्या नावाने दुसऱ्याच्या दारात टाकणं. देवघरातले टाक मोडीत नकोत, सोनाराकडे देऊन नवे घडवून घेता येतात.

कोकमसरबत

जबरदस्त माहिती. बहुतेक वाटा मिळाल्या. आता जे ठेवायचं ते परत वर कसं ठेवू? पारदर्शक मोठे डबे मागवणार होतो, पन्नास लिटरचे.

तिसरा_मजला

डबे आत्ता मागवू नका, उरलेलं सामान बघून मापं घ्या. माळ्याच्या तोंडाची उंची मोजा, आतली नाही. तोंडाला लाकडी पट्टी असते आणि डबा तिथेच अडतो. पन्नास लिटरच्या डब्यात पुस्तकं भरली तर तीस किलो होतात. पुस्तकांना वीस लिटर, मोठे डबे पांघरुणांना.

खोक्यांत काही परत ठेवू नका. पुठ्ठा ओल ओढतो, आणि झुरळं त्याच्या पन्हाळ्यांत अंडी घालतात. टीव्हीचं खोकं वॉरंटीपुरतं ठेवायचं असेल तर उलगडून सपाट करून पलंगाखाली.

टेक्निकल_तात्या

ट्रंक ठेवणार असाल तर खाली दोन लाकडी पट्ट्या आणि बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर. आत सिलिका जेल, रंग बदलणारं. नारिंगी हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, परत नारिंगी होतं. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ट्रंकेत नकोत, लवंडले तर कपडेही जातात आणि पत्राही.

नऊवारी

आणि गाद्यांचं विसरलात सगळे. कापसाची गादी पिंजून नवी करता येते, जुन्या कापसात थोडी भर घालून. पिंजारी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुंतलेले असतात, आत्ताच सांगून ठेवा. पिंजायची नसेल तर प्राण्यांच्या निवाऱ्यांना विचारा. चादरी-टॉवेल ते बहुधा घेतात, गादी प्रत्येकजण घेत नाही.

कोकमसरबत

माळा रिकामा झाल्यावर आतून रंग द्यावा का? रंगारी गडद तपकिरी म्हणतोय, मळ दिसणार नाही म्हणून.

तिसरा_मजला

मळ दिसावा म्हणूनच पांढरा द्या. वाळवीची मातीची नळी आणि वरच्या बाथरूममधून येणारी ओल, दोन्ही पांढऱ्यावर पहिल्या आठवड्यात दिसतात. तपकिरीवर लाकडी पट्टी पोखरल्यावर कळतं. आणि रंग द्यायच्या आधी छताला हात लावून बघा. ओल असेल तर वरच्या मजल्याशी बोलणी आधी, रंग नंतर.

खडूस_काकू

बोलणी म्हणजे दुसरा धागा काढावा लागणार.